जुनी चिठ्ठी

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर एक आजोबा एका बाईवर तणतणत होते.

"मी वनस्पतिसंग्रहातून निवृत्त झालो नाही, तोच तू त्या वाळवलेल्या काड्या नेच्यांच्या कपाटात कोंबल्यास?"

"हो, बाबा. घोड्याच्या शेपटीसारख्या दिसणाऱ्या सगळ्या."

"अगं, नेच्याला झालरीसारखं पान असतं! ह्यांना कुठाय?"

"दिसायला वेगळ्याच आहेत. पण आतून तपासल्या, तर त्या नेच्यांच्याच घरातल्या निघाल्या."

"आणि ते शेवाळासारखं दिसणारं? ते तर नेच्यांचं सख्खं!"

"ते लांबचं निघालं."

"म्हणजे घरातले परके आणि परके घरातले! माझं तर डोकंच चालेना. चिठ्ठ्यांवरचं माझं अक्षरही खोडलंस?"

"छे! जुनी चिठ्ठी काढायची नसते, तुम्हीच शिकवलंत. तिच्याखाली नवी चिकटवली."

बापलेकीचं हे भांडण नेमकं कुणाच्या घरावरून चाललंय, ते शिंपीणबाईंना शेवटपर्यंत उमगेना.

तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली.

"आजोबा, सोबत कोण आहे? नातं सांगा."

"सून."

शिंपीणबाई आणखीच गोंधळल्या.

"सून... लिहिलं."

"थांबा. ते खोडू नका. त्याच्याखाली 'मुलगी' लिहा."