झेरॉक्सवरची चित्रकथा

माझ्या चित्रकथेच्या वर्गातल्या पोरी विचारतात, "सर, तुमचं पहिलं पुस्तक कोणी छापलं?" अहो, झेरॉक्सवाल्यानं!

कापसाचे हाल चालले होते ती वर्षं. काट्यावर कापूस तोलताना वजन कमी भरावं म्हणून गाठोडं खालून गुडघ्यानं उचलून धरणाऱ्या व्यापाऱ्याची चित्रकथा संपादकानं परत केली. मग मी झेरॉक्स काढून पुसदच्या बाजारात वाटत उभा राहिलो.

एका व्यापाऱ्यानं ती वाचली आणि टराटरा फाडली. "कायले बदनामी करून राह्यला बे?"

मी दुसरी प्रत पुढे केली. "हेबी फाडा. लय हायेत."

त्यानं तीही फाडली. मी तिसरी दिली. गर्दी जमली. तेवढ्यात डोक्यावर कापूस घेतलेली एक म्हातारी पुढे आली.

"त्याले फाडू दे, बाबू. मले एक साबूत दे. काट्यावर संगं न्यायची हाये."