जिथं मोगरी धरायची तिथं

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो. माणसानं हात कुठं थांबवावा? दान देताना बरोब्बर थांबतो आपला — तिथं शिकवावं लागत नाही! पण लोक वाहवा करत असले, तर?

आमच्या खानदेशातल्या एका गावात जत्रेच्या रथाला पुढची दोन नवी लाकडी चाकं करायची ठरली. उजवं दिलं नथू मिस्तरीला, डावं त्याच्या चुलतभावाला, भिकनला. आता रथाला काय ब्रेक असतो? लाकडाची पाचर असते, तिला म्हणतात मोगरी. ती चाकाखाली सारली की रथ थांबतो. आणि गावची रीत अशी, की नथूच्या चाकाला मोगरी लावायची भिकननं, भिकनच्या चाकाला नथूनं. मोगरी सटकली तर लावणाऱ्याचाच पाय चाकाखाली. ठेवा भरवसा भावावर!

नथूनं चाक तासलं, कानस मारली, पॉलिश कागदानं घासलं, जवसाचं तेल पाजलं. लोक म्हणाले, मिस्तरी, तोंड दिसतं हो यात. झालं! गड्याला चैन पडेना. जेवता जेवता उठायचा, एक हात मारून यायचा. बायको म्हणायची, भाकरी निवली. हा आपला घासतोय! बाजू झाल्या, आरे झाले, आणि मग — ऐकताय ना? ए मागचे, मोबाईल खिशात! — मग जमिनीला टेकते ती कड. चाकावर चढवतात ती लोखंडी धाव नव्हती, नुसतं लाकूड. तेही चकचकीत केलं! भिकननं आपली कड खरबरीतच ठेवली. लोक त्याला आळशी म्हणाले. नथूही हसला.

रथाचा दिवस. देवळापुढं रथ दोन हात हलला, भिकननं मोगरी लावली — आणि ती साबणाच्या वडीसारखी सटकली! सपाटी होती म्हणून निभावलं. कुणाला कळलं नाही. या दोघांना कळलं. आणि पुढं बाजारपेठेचा उतार! भिकन मोगरी उचलून पुन्हा चाकाशी उभा राहिला. नथूच्या मनात आलं, सांगावं? बाया चाकाला हळदकुंकू लावतायत! होईल काहीतरी नीट... आपणही असंच म्हणतो ना? पण उताराच्या तोंडाशी त्याला राहवेना.

"भिक्या, मोगरी धरत नाही रे."

"मला कळलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"चाक तुझं. तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

नथूनं रथ थांबवला. लाकूड तासायची वाकस मागवली, आणि सगळ्या गावादेखत आपल्या हातानं आपल्याच चाकाच्या कडेवर घाव घातले. अर्धा फेरा ढकलायला लावला, उरलेल्या कडेवरही घातले. लोक म्हणाले, खुळा झाला. तो रडत होता, पण सांगत होता — चूक माझी आहे, थांबा जरा. मग रथ उतरला. मोगरी धरली. भिकन दोन्ही पायांवर चालत घरी गेला.

आता चाकाचं राहू द्या, माझ्याकडं बघा. चारचौघांत आपण किती गोड, किती चकचकीत! आणि भाऊ फोन करून म्हणतो, जरा ये रे — तर "बघू, बघू" करून सटकतो. जिथं कुणाला धरायचंय, नेमके तिथंच गुळगुळीत! तुमच्याही चाकाशी कुणीतरी पाय रोवून उभं आहे, मंडळी. गप्प आहे. तुम्ही बोलाल म्हणून थांबलंय. आरती होईल निवांत. आधी त्याचं नाव मनात घ्या, आणि घरी गेल्यावर त्याच्याशी बोला.