घराला भोंगा

दहिवडीत गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानापुढं टेम्पो उभा करून बादशहा बल्बसाठी ताटकळला होता. पुढच्या बाईचं काही आटपेना.

"गाडीत लावत्यात तसला पंखा दे बाबा."

"मावशी, गाडी कुठली तुमची?"

"गाडी न्हाई रं, घराला पायजे. आमची वस्ती डोंगरावर. तारा आल्याच न्हाईत. छपरावर सोलर आन् खाली बॅटरी."

"मग घरातला पंखा न्या की."

"त्यो बॅटरीवर सरळ चालत न्हाई, मधी इन्व्हर्टर लागतो. तुझा तसाच फिरतो."

"एवढी घाई कसली?"

"लेक बाळंतपणाला यायचीया. अंधारात न्हाई धाडणार, म्हनली सासू. बल्ब बघून गेली, आता पंखा दावते."

"घ्या. आनि काय?"

"एक भोंगा दे."

"हॉर्न? घराला?"

"मालक मेंढरं घिऊन पल्याडच्या टेकाला असत्यात. फोनला रेंज न्हाई. पोरीला कळा लागल्या तर मी हाका कुठवर मारू?"

दुकानदारानं फळीवरचा छोटा हॉर्न काढला.

"त्यो नको रं," मागनं बादशहा म्हणाला. "माझ्या गाडीला बसवलास तसला दे. घाटात दोन वळणं पल्याड ऐकू जातो."