चहा कुणी लिहितं का

नाही हो सिस्टर, दुसरं काही म्हणजे काही नाही. वॉर्डात विचारलंत तेव्हा हेच सांगितलं, आता घरी येऊन विचारताय तरी उत्तर तेच — डॉक्टरांच्या गोळ्या, आणि दर मंगळवारी ठाण्याला तुमच्याकडे येऊन पोटावर घेतात ते इंजेक्शन. संपलं. बसा ना, उभ्या कशाला? पंखा वाढवते. फक्त जरा हळू बोलू या हं — हे आतल्या खोलीत पडलेत, आत्ता कुठे डोळा लागलाय, आणि आज शुक्रवार, मागच्या कारखान्यातले कापडाचे लूम सुट्टीमुळे बंद. एरवी नारपोलीत समोरासमोर बसून ओरडावं लागतं, शुक्रवारी मात्र बाहेरचं सगळं आत ऐकू जातं. — हो, कळलं मला, डॉक्टर कोड्यात पडलेत. मीही पडलेय की! पाच महिने झाले इंजेक्शनांना, हाडांतल्या मगजाचा कॅन्सर म्हटल्यावर रक्तातलं ते प्रोटीन उतरायला हवं, ते बसलंय चढून. मध्ये एकदाच उतरलं, ऑक्टोबरात, आणि परत वर. आता म्हणतात हे लागू पडत नाही, दुसरं सुरू करू, पण ते ह्यांच्या हृदयाला झेपेल याची खात्री नाही. आणि तुम्ही ड्युटी सुटल्यावर सरळ अंजूरला घरी जायचं सोडून इथे उतरलात — मनापासून बरं वाटलं. पण तो फॉर्म मीच भरलाय ना? शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली मी, मुख्य लिपिक म्हणून रिटायर झाले, रकाना मोकळा सोडायची सवय नाही मला. 'इतर औषधे, काढे, चूर्ण' — पुढे स्वच्छ अक्षरात 'निरंक'.

आणि खरं सांगू, राग नका मानू — हा प्रश्न तुम्ही तुमच्या लोकांना विचारायला हवा. तुम्ही मूळच्या डोंगराकडच्या ना, पाड्यावरच्या? नाही, त्यात वाईट काय, कौतुकच आहे, तिथून शिकून नर्स झालात. पण तुमच्याकडे असतं ते — ही मुळी, तो पाला, भगत देईल ते उगाळून पाजायचं आणि डॉक्टरला म्हणायचं काही नाही दिलं. आमच्याकडे हे चालत नाही. हे गणिताचे मास्तर, आयुष्यभर पुराव्याशिवाय एक पायरी पुढे गेले नाहीत. आजार कळल्यावर लोकांनी काय काय आणलं — गोमूत्र, गुळवेल, कुठल्या बाबाचा अंगारा — मी सगळं दारातून परत पाठवलं. लोक म्हणाले, सुचेता कर्णिक फार शहाणी समजते स्वतःला. म्हणू देत.

थांबा, घोटभर चहा देते, नाही म्हणू नका — ह्यांचा चढवलेलाच आहे, चारची वेळ आहे त्यांची. दुधाचा नव्हे हं, हिरवा. ग्रीन टी. — का हो? तोंड असं का झालं? घेतात ना, रोज घेतात. अहो पण तुम्ही औषध विचारलंत, काढा विचारलात, चहा कुठे विचारलात? चहा कुणी लिहितं का फॉर्मवर? संकष्टीला मी दिवसभर तोंडात काही घालत नाही, चहा घेते — कुणी म्हणालं का उपास मोडला? लॅबवाला सकाळी विचारतो, आजी, उपाशी पोटी ना, मी म्हणते हो बाबा, नुसता चहा झालाय. पाहुण्याला 'काही घेतलं नाहीत' म्हणतो तेव्हा चहा होऊन गेलेला असतो. पाणी लिहिलं का मी? नाही. मग चहा कसा लिहीन?

नेहमीचा नाही हा, ते खरं. म्हणजे पुडी बुडवून फिकं पाणी पितात ना, तसला नाही. त्यानं काय होणार? आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आहे, हितेश, राहनाळला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. परदेशी जाणारा माल येतो तिथे, ग्रीन टीचा अर्क, हिरवी भुकटी — खोका दबला की कंपनी घेत नाही, मग तिथल्या लोकांना मिळतो. त्यानं आणून दिली, म्हणाला, मॅडम, एक चमचा म्हणजे पंधरा कप. मी एका कपात दोन घालते. उकळून. पाच वेळा. — हो, पाच. मंगळवारी सहा, इंजेक्शनच्या आधी एक थर्मासमधून देते, तुमच्याच वॉर्डाच्या बाकावर बसून, तुम्ही कितीदा तरी बघितलंय. हसून विचारलंतसुद्धा एकदा, काय आजोबा, घरचा चहा का? आठवतंय? — कडू होतो, हो. जहर कडू. ह्यांना दुधाचा, आलं घातलेला, साखर जास्त असा लागायचा, तो मी बंद केला. सुरुवातीला नाक दाबून प्यायचे आणि रिकामा कप मला उलटा करून दाखवायचे, लहान मुलासारखे. मग एकदा बेसिनमध्ये ओतताना पकडलं. तेव्हापासून समोर बसते, शेवटचा घोट गळ्याखाली उतरलेला दिसेपर्यंत उठत नाही.

पेन का थांबलं तुमचं? — काय? चहा इंजेक्शनला अडवतो म्हणजे? — कोण म्हणतं असं? बाकीच्या कॅन्सरला काय ते मला नका सांगू, मी विचारतेय ह्याच इंजेक्शनला... हं. म्हणजे तुमच्याकडे तसं शिकवलंच आहे. ह्या इंजेक्शनबरोबर ग्रीन टी द्यायचा नाही. अच्छा. — नाही, पाणी नको मला. काही होत नाहीये. केदारनंही हेच लिहून पाठवलं होतं. मुलगा हो, पुण्याला असतो. कुठूनसा कागद छापून पाठवला, औषधाचं नाव, खाली चहाचं नाव, लाल शाईनं गोल केलेलं — आई, बाबांना हे देत नाहीस ना? असेल इथेच. ह्या फाइलमध्ये, शेवटी. — सप्टेंबरात. पोस्टाचा शिक्का आहे बघा. सप्टेंबरची सहा.

वाचला ना! वाचणार नाही तर काय? तेव्हा माझी गडबड होती हो, तनयाचं बाळंतपण होतं नाशिकला, लेकीचं पहिलं, जायलाच हवं. एकवीस दिवस राहिले मी. इथे धोंडूबाईला ठेवलं होतं, स्वयंपाकाला आणि ह्यांच्याकडे बघायला. तिला सगळं कागदावर लिहून दिलं, वेळा, चमचे, आणि तिला वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. लिहून दिलं की झालं, ही ऑफिसातली खोड. मी रोज फोन करायचे, तर ती म्हणायची, "बाय, सायब बरं हायेत, काय बी काळजी न्हाय. दूध घालून च्या देते, दोन-दोन कप मागतात." मी रागावले, परत आल्यावर तिला काढूनच टाकली. आणि त्याच आठवड्यात ऑक्टोबरचा रिपोर्ट आला. दोन पॉइंट नऊ. हे बघा ना, सगळे रिपोर्ट तारखेनं लावलेत मी — जून चार पॉइंट दोन, जुलै चार पॉइंट तीन, ऑगस्ट चार पॉइंट सहा, सप्टेंबरचा मी नाशिकला म्हणून राहिला. मग हा. मग मी परत चहा सुरू केला, आणि नोव्हेंबर — चार पॉइंट चार.

नाही, तुम्ही बोलू नका थोडा वेळ. मला आकडे कळतात. हजार मुलांच्या रजिस्टरमधून एका पोराची चुकलेली जन्मतारीख काढत होते मी. ह्या पाच ओळी मला दिसल्या नसतील? नोव्हेंबरचा रिपोर्ट आला त्याच रात्री दिसल्या. मग मी काय केलं सांगू? सकाळी उठले आणि आधण ठेवलं. दोन चमचे घातले. हात नेहमीसारखाच चालला. का म्हणून काय विचारता? — तुमच्या हातातून कोणी असं वर्षानुवर्षं सोबतचं माणूस काढून घेतलंय का, आणि म्हटलंय का की तुम्ही बाजूला व्हा, हे आता आमचं काम? इंजेक्शन तुमचं, सलाईन तुमची, गोळ्या डॉक्टरांच्या. मला म्हणाले, आजी, तुम्ही फक्त त्यांना खूश ठेवा. खूश! तो चहा एवढाच माझा होता. पाच वेळा, मोजून, वेळेवर. मी वाचवतेय असं वाटायचं मला, प्रत्येक कपाला वाटायचं. आणि ते चुकीचं निघालं तर — जूनपासून मी काय पाजत होते हो त्यांना?

म्हणे आजपासून बंद करा. सोपं आहे बोलायला. आज बंद केला तर पुढच्या रिपोर्टात उतरलेलं दिसेल ना? दिसेल की नाही? मग केदार विचारील, आई, काय बदललं? डॉक्टर विचारतील. आणि ते आतले — ते नाही विचारणार. ते फाइल मागून घेतील, चष्मा लावतील, पेन्सिलनं पाच आकडे एकाखाली एक मांडतील आणि दोन मिनिटांत त्यांना कळेल. आणि मग माझ्याकडे बघतील. ओरडणारे नाहीत ते. नुसते बघतील. मला ते नाही सोसणार, सिस्टर. मेल्याहून मेल्यासारखं होईल. भीती वाटते मला, स्पष्ट सांगते, आजारापेक्षा त्याची जास्त वाटते. मग म्हटलं, दुसरं औषध सुरू करणारच आहेत, ह्या महिन्याचं काय एवढं, तेव्हा आपोआप बंद करीन, कुणाला कळायचं नाही. — झेपणार नाही त्यांना? ते तुम्ही कसं सांगता? डॉक्टर म्हणाले खात्री नाही. खात्री नाही म्हणजे नाहीच असं नव्हे.

केदारचा तो कागद फाइलमध्ये ठेवा. मी सांगतेय, ठेवा आत. कुणाला फोन लावताय? — एक मिनिट थांबा, मनिषाबाई, आता मी ऑफिसातल्यासारखं बोलते. फॉर्म माझ्या अक्षरातला आहे, पण खाली 'विचारून खात्री केली' असं छापलंय आणि तिथे सही तुमची आहे. दर महिन्याला. पाच सह्या. थर्मास समोर दिसत असताना. उद्या चौकशी लागली तर आधी कुणाला बोलावतील? मी तर म्हातारी बाई, नवऱ्याच्या काळजीनं भ्रमिष्ट झालेली. आणि मला आठवायला लागलं की सिस्टरनीच एकदा गावाकडची कसली तरी मुळी सुचवली होती, तर? खोटंच आहे, मला माहीत आहे खोटं आहे. पण कुणाला पटेल, माझं की तुमचं, ते तुम्हीच सांगा. — रडू नका. बघा, मला असं बोलायला लावलंत. स्वभाव नाही माझा. चांगल्या आहात तुम्ही, माझ्या तनयाएवढ्या असाल, नोकरीवर घर चालत असेल तुमचं. डोळे पुसा. डॉक्टरांना सांगा, घरी जाऊन आले, विचारलं, काही नाही म्हणाल्या.

उठलात? बरं झालं, तुम्हालाही उशीर होतोय. तिकडे नको, ती त्यांची खोली, दार इकडे आहे. ह्या तुमच्या चपला. सांभाळून उतरा, दुसरी पायरी मोडलीय. आणि मंगळवारी भेटूच, तेव्हा नेहमीसारख्या हसा बरं का, ह्यांना तुमचं हसणं आवडतं. दार बाहेरून ओढून घ्या.

...अहो, जागे झालात? कोणी नाही हो, वॉर्डातल्या सिस्टर आल्या होत्या, सहज, वाटेवर घर म्हणून. — तुमचंच विचारत होत्या. बसा नीट, पाठीला उशी घ्या. — चहाचं? हो, चहाचं बोलणं झालं ना. म्हणाल्या, चांगला आहे, चालू ठेवा. धरा कप. दोन्ही हातांनी धरा. मी बसलेय इथेच.