निर्भीडपणे लेखी द्या

नेतृत्वाचं प्रशिक्षण मला नका सांगू, मी एकदा करून बसलेय. पेठ तालुक्यात उपकेंद्रावर नर्स होते तेव्हा आम्हा सगळ्याजणींना त्यासाठी नाशिकला बोलावलं होतं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अडचण मनात ठेवू नका. निर्भीडपणे लेखी द्या."

मी तिथंच लिहून दिलं. क्वार्टरच्या दाराला आतून कडी नाही, एकटी राहते, पाटा टेकवून झोपते, दोन वर्षं आमच्या डॉक्टरसाहेबांना सांगतेय, ते लक्ष देत नाहीत. मॅडमनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

महिन्याभरानं डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. माझा कागद त्यांच्याच टेबलावर होता. वरच्यांनी 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मारून त्यांच्याकडेच पाठवलेला. शेजारी माझ्या नावाची नोटीस होती, अमुक दिवशी उपकेंद्र बंद का ठेवलं म्हणून.

"साहेब, त्या दिवशी मी प्रशिक्षणाला होते. तुमच्याच सहीचं पत्र होतं."

"हो ना. मग तिथं काय शिकलात?"

मी तोंड उघडलं, नोटिशीकडे पाहिलं आणि गप्प बसले.

"शिकलात की," म्हणाले, आणि सहीसाठी पेन पुढं केलं.