ताईंचा हिरवा ठिपका

समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या कारखान्याचे साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सर्वांच्या ताई, पहिल्या रांगेत बसलेली ताईंची लेक, आणि जेवणाचा वास येऊनही अजून खुर्ची न सोडलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

वायरिंगच्या माणसाला वायर मोजून देतात, तशी मला पाच मिनिटं मोजून दिली आहेत. वायर नेहमी थोडी जास्तच लागते, हे आपण जाणताच.

मघापासून सगळ्यांचं लक्ष या टेबलाकडे आहे. कापडाखाली काय आहे? भिंतीवरचं घड्याळ नाही, एवढं सांगतो. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ द्यायची पद्धत आहे. ज्याला आता कुठेच वेळेवर पोहोचायचं नाही, त्याला घड्याळ! आम्ही ठरवलं, ताईंना घड्याळ द्यायचं नाही, सूर द्यायचे. ताई, तुम्ही आत्तापासून मानेनं नाही म्हणू नका. मला बोलू द्या, मग काय ते ठरवा.

पाहुण्यांसाठी सांगतो. आम्ही लिफ्टची कंट्रोल पॅनेल बनवतो. आपण लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो आणि आरशात बघून केस सारखे करतो. जीव टांगणीला असतो, पण आपण निवांत असतो. ते निवांतपण ताईंच्या टेबलावरून तपासून बाहेर पडतं. ताई आमच्या चाचणी विभागाच्या प्रमुख. पास झालेल्या बोर्डाला हिरवा ठिपका, नापासाला लाल. दोन्ही ठिपक्यांची पाकिटं त्यांच्या खिशात असतात, आणि आमच्यापैकी कितीतरी जणांनी लाल ठिपका स्वप्नातही पाहिला आहे.

आणि त्यांचा पहिला प्रश्न कोणता? अगदी बरोबर, सगळे हसताय म्हणजे आठवतोय. "मोकळे पाय बांधले का?" चिपला बारीक बारीक पाय असतात. त्यातल्या ज्या पायांनी सिग्नल आत घ्यायचा, पण ज्यांचं आपल्याला काम नाही, ते नीट ग्राउंडच्या वायरला जोडून टाकायचे. हवेत सोडले तर ते वाटेल तिथून विजेची गुणगुण उचलतात आणि चिप भलतंच बरळायला लागते. लिफ्टमध्ये बरळलेलं चालत नाही. एक पाय सुटला तरी लाल ठिपका, मग बोर्ड साहेबांनी स्वतः आणला असला तरी!

या ताई लहानपणापासून पेटी वाजवायच्या. हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांच्या लेकीनं सांगितलं. घरी रोज संध्याकाळी डाव्या हातानं भाता आणि उजव्या हातानं सूर. मग एकदा इथे चाचणीसाठी लावलेल्या लिफ्टच्या दारात उजव्या हाताची दोन बोटं सापडली. हात वाचला, पण ती बोटं पुन्हा वाकली नाहीत. पेटी कपाटावर गेली. लेक मला म्हणाली, "काका, आई तिच्याकडे बघतसुद्धा नाही. धूळ मी पुसते." ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही, हे आमच्या सौभाग्यवती सांगतील.

पण करायचं काय? तेवढ्यात आमचं जुनं पॅनेल बंद झालं. नव्यात एकच मोठी चिप सगळं काम करते. जुन्या साध्या चिपांचे खणच्या खण भंगारात निघाले. मी साहेबांकडे गेलो आणि ते मागितले. साहेबांनी परवानगी दिली, कशाला हवेत ते विचारलं नाही. साहेब, ते यासाठी हवे होते.

बंधुभगिनींनो, ही चिप मोठी गमतीची असते! तिला "हो" सांगितलं की ती "नाही" म्हणते, आणि "नाही" सांगितलं की "हो". आमच्या घरचा धाकटाही असाच आहे, पण तो विषय वेगळा. आता तिचं उत्तर जरा सावकाश तिच्याच कानात परत सोडलं तर? ती बिचारी हो-नाही, हो-नाही करत बसते. ते इतक्या झपाट्यानं होतं, की स्पीकरला जोडलं की सूर ऐकू येतो. चक्क सूर! पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी आणि आमचे स्टोअरवाले काका, दोघं टेबलाभोवती नाचलो. काकांचे गुडघे आपल्याला माहीत आहेत, म्हणजे आनंद किती होता ते समजा.

मग काय, चटकच लागली. बटण फिरवलं की सूर चढतो, उतरतो. दुसरी चिप वेग निम्मा करते, तर तोच सूर खालच्या सप्तकात. तिसरी चिप एकेका सुराला पाळीपाळीनं पुढे करते, की झाली चाल तयार. प्रत्येकीला वेगळा डबा केला आणि डबे वायरींनी जोडले. वायरी बदला, वाद्य बदललं! याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. आमचं पोरगं म्हणालं, बाजारात तयार मिळतो. मी म्हटलं, मिळू दे. त्याला लिफ्टची बटणं आहेत का? आमच्याला आहेत. तळमजल्याला सा, पहिल्या मजल्याला रे, अशी चाल वर जाते, दिवे लागत जातात, आणि सातव्यावरून परत खाली येते.

सगळं जमलं, आणि यंत्र अचानक रडायला लागलं. टेबलाजवळून कोणी गेलं की कण्हायचं. बघायला वाकलो की मोठ्यानं, मागे सरलो की गप्प. आम्ही वीजपुरवठा बदलला, स्पीकर बदलला. काका तर म्हणाले, "याला माणसाची दृष्ट लागते." सगळं तपासलं आणि जे जन्मभर ऐकलं तेवढंच तपासलं नाही! ज्या खोलीत ताई नसतात तिथे त्यांचा प्रश्नही नसतो, दुसरं काय?

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ताई लोणच्याची बरणी शोधत स्टोअरमध्ये आल्या. आम्ही घाईघाईनं यंत्रावर कापड टाकलं. त्या टेबलाजवळ आल्या आणि कापडाखालून हुंदका आला. ताईंनी कापड उचललंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मोकळा पाय कोणी सोडला?"

संपलं! इतक्या दिवसांची चोरी एका वाक्यात उघडी. कापड निघालं, त्यांनी खिशातून लाल ठिपका काढला, आणि पाय दाखवायला उजवा हात चिपवर नेला. सूर जागा झाला. त्यांनी हात मागे घेतला, सूर विझला. पुन्हा नेला. पुन्हा मागे घेतला. हात अगदी सावकाश, भात्यासारखा हलायला लागला. त्या न वाकणाऱ्या बोटांना काही दाबायचंच नव्हतं, नुसतं जवळ जायचं होतं. आणि डावा हात केव्हा सुराच्या बटणाकडे गेला, ते त्यांनाही कळलं नसावं. थरथरत का होईना, एक ओळ वाजली. पूर्ण ओळ!

आमचे काका भाबडे. सोल्डरिंग आयर्न घेऊन पुढे झाले. "ताई, दोन मिनिटांत बांधून टाकतो तो पाय."

"काका, त्याला हात लावाल तर याद राखा," ताई म्हणाल्या. "राहू दे तो तसाच."

आणि त्यांनी लाल ठिपका खिशात ठेवून हिरवा काढला, आणि त्या मोकळ्या पायाशेजारी लावला. मी तिथे उभा होतो. माझे डोळे भरले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

आता खरी अडचण. ताई म्हणतात, "स्टोअरमध्ये ठीक आहे रे, एवढ्या लोकांसमोर नको. हात कापेल." म्हणून कार्यक्रमपत्रिकेत आम्ही काही छापलं नाही. ताई, हात कापला तर सूरही कापेल, आणि तो आणखी गोड लागेल. शिवाय या सभागृहात तुमच्या लाल ठिपक्याला न घाबरलेला माणूस नाही. आज आम्हाला एकदा तुम्हाला घाबरलेलं बघू द्या.

काका, कापड काढा. स्विच चालू करा. बघा, तळमजल्याचा दिवा लागला.

लेक उठली आहे. आईचा हात धरते आहे. थांबा... ताई स्वतःच उठल्या! टाळ्या नंतर, मंडळी, टाळ्या नंतर, आधी त्यांना टेबलापर्यंत पोहोचू द्या.

मी आटोपतं घेतो. साहेबांनी भंगार दिलं, काकांनी गुडघे दिले, लेकीनं गुपित दिलं, आणि आपण सर्वांनी भुकेल्या पोटी कान दिले, सगळ्यांचे मनापासून आभार. उत्साहाच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जरा जास्त झाली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

यंत्रातल्या चुकीबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. ती ताईंनी तपासून पास केली आहे.