वागियोच्या यकृतातला तुकडा

वागियोच्या यकृतातली चरबी गेली आणि त्याचा तुकडा आजारी बहिणीला द्यायची परवानगी मिळाली. पण हे झालंच नाही असं समजू या. इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या इस्पितळात माझ्यासारखीच पाळीची वाट पाहत बाकावर बसलेली तीच त्याची थोरली बहीण पार्तिनी तसंच समजत होती आणि शेजारी बसलेल्या भावाची उलटतपासणी घेत होती.

“वजन तर तेवढंच आहे तुझं.”

“ताई, कवायत झाली की बायका सोयाबीनचा तळलेला तेम्पे देतात. नको म्हटलं तर रुसतात.”

“मग चरबी गेली कुठे?”

“जळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्नायू हलले की यकृताच्या पेशींत एक बटण चालू होतं. मग पेशी नवी चरबी कमी बनवतात आणि साठलेली जाळतात. वजनकाट्याला त्यातलं काही कळत नाही.”

“तुझ्यात बटण होतं? लहानपणी विहिरीपर्यंत चालायचा नाहीस.”

“तेव्हा पाणी तू आणायचीस.”

“आणि आता रोज पहाटे गल्लीतल्या बायकांत एकटा बाप्या उड्या मारतोस. लाज नाही वाटत?”

“वाटते ना. मला पहिल्या रांगेत उभं करतात. माझा हात चुकला की मागच्या सगळ्यांचा चुकतो.”

“हे सगळं माझ्यासाठी केलंस?”

“छे, तेम्प्यासाठी.”

“देव तुझं भलं करो, रे. आता रडवू नकोस, रक्तदाब मोजायचाय माझा.”

“यकृत द्यायच्या कागदावर सही करण्याआधी मला इस्पितळाला एक अर्ज द्यायचाय.”

“कसला?”

“सदर तुकडा ताईच्या पोटात वास्तव्यास असला, तरी घरच्या भांडणात त्याचं मत माझ्या बाजूने मोजण्यात यावं, ही नम्र विनंती.”